नाडीवरचा बायस्कोप

तंबूतले दिवे मालवले की दादू वैद्य शेजाऱ्याचं मनगट धरायचे. शेजारी ओळखीचा असो वा नसो. "हात आन हिकडं," एवढंच म्हणायचे आणि तुमच्या अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटं टेकवून पडद्याकडे बघत बसायचे. पडद्यावर कुणी कुणाचा गळा धरो, कुणी कड्यावरून लोंबकळो, वैद्यांची बोटं तिथून हलायची नाहीत. खेळ सुटला की आपला हात आपल्याला परत मिळायचा. तोवर त्याला मुंग्या आलेल्या असायच्या.

महाराज गादीवर होते त्यांच्या शेवटच्या दोन-तीन वर्षांतली ही हकिकत. कोल्हापुरात तेव्हा बायस्कोपचा तंबू येऊन महिनेमहिने मुक्काम ठोकायचा. चित्रं मुकी, पाट्यांवरची अक्षरं इंग्रजी. त्यामुळे आम्ही आपल्या मनानंच त्यांचं बारसं करायचो. मी मंगळवार पेठेतल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला होतो आणि तंबूच्या जाहिराती आमच्याकडेच छापायला यायच्या. 'कच्च्या काळजाच्या मंडळींनी येऊ नये' ही ओळ मी इतक्या वेळा जुळवली, की पुढं पुढं ती मोडायचीच सोडून दिली. सुतळीनं बांधून फळीवर ठेवायची आणि पुढच्या भुताला पुन्हा वापरायची. ही ओळ वाचून कच्च्या काळजाची मंडळी आधी यायची, हे सांगायला नकोच.

छापखान्याच्या शेजारीच वैद्यांचं दुकान. सकाळी तिथल्या बाकावर आमची सभा भरायची आणि भीतीच्या चित्रांचे नंबर लागायचे. नंबरावरून जी भांडणं व्हायची ती ऐकून औषधाला आलेले रोगी बाहेरच्या बाहेर बरे होऊन जायचे.

आमच्यात इमामभाई टांगेवाल्याचं माप सगळ्यात सरळ. तो म्हणायचा, "खेळ सुटल्यावर ज्याचं घर हाकेच्या अंतरावर हाय, त्योबी टांग्यात बसाय लागला की समजायचं, ह्यो पयला नंबर." या हिशेबानं 'पुलावरची पोर' त्याच्या लेखी पहिली. त्यात एक पोर रेल्वेच्या पुलावर अडकते, समोरून गाडी येते आणि तिथंच 'पुढील भाग पुढील आठवड्यात' अशा अर्थाची पाटी पडते. त्या दिवशी शिवाजी पेठेतल्या एका धिप्पाड पैलवानानं तंबूपासून शंभर पावलांवरच्या तालमीपर्यंत टांगा केला होता म्हणे.

वैद्यांना हे माप मान्य नव्हतं. "टांग्यात तर पाय दुखल्यावरबी बसत्यात. नाडी खोटं बोलत न्हाय." मग ते आपलं शास्त्र सांगायला बसायचे. त्यांच्या मते भीती तीन चालींची. एक बेडूक, म्हणजे एकदम दचकवणारी. दुसरी साप, म्हणजे दार उघडायच्या आधी मनगटातून हळूहळू सरपटत जाणारी. तिसरी हंस. नाडी हंसासारखी डुलत चालली, की समजावं शेजारी झोपलाय.

"बेडूक कुनीबी उडवंल," वैद्य खलात काहीबाही घोटत म्हणायचे. "फटाकडी वाजीवली तरी उडतोय. पर साप सोडायचा म्हंजी कसब लागतं, गणपा."

गणपा म्हणजे मी. माझं मनगट त्यांना फार आवडायचं. मी मुळातच भित्रा, त्यामुळे माझ्या नाडीत सगळे प्राणी एका खेळात भेटायचे.

या नादापायी त्यांनी मारही खाल्ला असता. वर सांगितलेला पैलवान एकदा नेमका त्यांच्या शेजारी आला. मिशीला पीळ देत बसला होता. ऐन रंगात वैद्य भर तंबूत ओरडले, "पैलवान, तुमचा बेडूक लई उड्या मारतोय की वो!" तंबू खदखदून हसला. पैलवान उठला, पण तोवर वैद्य अंधारात दुसऱ्या बाजूला सटकले होते. दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला तेव्हा आम्ही बाक सोडून पळायच्या तयारीत होतो. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, "वैद्यबाबा, भ्यावर काय पुडी असती का?"

याहून मोठी भानगड 'भिंतीतला खोकला' या चित्रात झाली. एक साहेब जुना बंगला घेतो आणि रोज रात्री भिंतीतून कुणीतरी खोकतं, अशी त्याची गोष्ट. चित्र मुकं, मग खोकला कुठून यायचा? पडद्याशेजारी बसणाऱ्या पेटीमास्तरांना दमा होता. ते असे काही खोकायचे, की अख्खा तंबू पदराआड, फेट्याआड लपायचा. वैद्यांना ते बघवेना. त्यांनी मास्तरांना अडुळसा आणि मध चालू केला, आठ दिवसांत खोकला निम्मा झाला आणि तंबूचा मालक दुकानात येऊन हात जोडू लागला, "वैद्यराज, माझ्या पोटावर पाय देऊ नका. मुक्काम हलेपर्यंत औषध थांबवा." वैद्यांनी त्याला हाकलून दिलं. पण तोंड मात्र नुकसान आपलंच झाल्यासारखं केलं होतं.

वैद्यांची एक खोड आम्हाला उमगायची नाही. चित्र बघितल्यावर ते नंबर लगेच सांगत नसत. "उद्या सांगतो," म्हणायचे. दुसऱ्या दिवशी येऊन असा ठाम निकाल द्यायचे, की त्यावर अपील नाही. रात्रभर पोथ्या चाळत असतील, असा आमचा समज.

तो समज एका दुपारी गेला. त्यांच्या चूर्णाच्या बाटल्यांना लावायच्या चिठ्ठ्यांचा नमुना दाखवायला मी दुकानात गेलो. दुकानात कुणी नव्हतं. मागच्या घरातून मात्र खोकण्याचा आवाज येत होता. रोगी असेल म्हणून मी दारातून डोकावलो. बघतो तर दादू वैद्य, ज्यांच्यापुढे पैलवानही आवाज खाली आणायचा, ते डोक्यावर घोंगडी घेऊन धान्याच्या कणगीमागे उकिडवे बसलेले आणि भिंतीतलं भूत होऊन खोकतायत! समोर पलंगावर उशीला टेकून वैद्यांची बायको, आमच्या वैनी, बसल्या होत्या. वाळून काटकी झालेल्या, पण डोळे लहान पोरीसारखे मोठे केलेले.

"थांबा जरा," वैनी म्हणाल्या. "दार उघडताना सायबाच्या कुठल्या हातात दिवा हुता?"

"डाव्या."

"आन बंदूक?"

"उजव्या."

"मग कडी कशानं काढली?"

भूत घोंगडीतून बाहेर आलं आणि डोकं खाजवू लागलं. "त्ये काय माझ्या ध्यानात न्हाय बघ."

"ध्यानात ठिवत चला की. बरं, फुडं."

पुढं साहेबानं भिंत फोडली. साहेबही वैद्यच झाले, आणि इतके घाबरले की घोंगडीत पाय अडकून पडता पडता वाचले. वैनींनी तोंडाला पदर लावून मोठा श्वास घेतला. मग जरा विचार करून म्हणाल्या, "पयला नंबर."

दुसऱ्या दिवशी बाकावर वैद्यांनी जाहीर केलं, "भिंतीतला खोकला. पयला नंबर." इमामभाईनं आकाशपाताळ एक केलं. मी मात्र गप्प राहिलो, कारण न्यायाधीश कोण ते मला आता ठाऊक होतं.

माझं गप्प बसणं वैद्यांनी ओळखलं. सभा उठल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. वैनी मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीतून वाचल्या होत्या, पण त्या तापानं काळीज अधू करून ठेवलं होतं. दोन वर्षं झाली, त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता. जिना चढायचा नाही, पाणी शेंदायचं नाही, दचकायचं तर नाहीच. आणि नेमकी वैनींना लहानपणापासून भुताखेताची आवड. बायस्कोप एकदा तरी आपल्या डोळ्यांनी बघायचा, एवढं एकच मागणं त्यांनी नवऱ्यापाशी मागितलं होतं.

"न्यायाचं तर हाय," वैद्य म्हणाले. "पर कुठल्या चित्राला? लईच मऊ असलं तर तिला गोडी न्हाई. कडक असलं आन तिथंच काय झालं तर? भ्या हे औषिदच हाय गणपा, पर मात्रा पायजे. म्हनून तुमच्या मनगटावर बघतोय."

"म्हणजे आम्ही मेलो तरी चालेल होय?"

"तुमास्नी काय धाड भरलीया!" वैद्य म्हणाले आणि तोंड फिरवून बरण्या पुसू लागले.

अखेर 'विहिरीतला दिवा' हे चित्र त्यांनी पक्कं केलं. त्यात साप होता पण बारका, बेडूक फक्त एक. चार अनोळखी मनगटांवर बघून झालं, माझ्या मनगटावर दोनदा झालं. मग एका दिवशी मावळतीच्या खेळाला इमामभाईच्या टांग्यात गादी घातली आणि वैनी निघाल्या. हिरवं लुगडं, नाकात नथ. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. घोडं पावलापावलानं चाललं होतं आणि वाटेत आडवं येणाऱ्या प्रत्येकाच्या कुळाचा इमामभाई उद्धार करत होता.

तंबूच्या दाराशी पहिला घोटाळा झाला. बायकांची जागा कनातीच्या पलीकडे. वैद्यांनी दोन वर्षं मात्रा मोजली, पण आपण बायकोशेजारी बसू शकत नाही हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं! दारवाला ऐकेना. शेवटी वैनीच म्हणाल्या, "मी कनातीला टेकून बसते. तुमी त्या अंगाला बसा." बाईची नाडी डाव्या हाताची बघतात. वैनी तशा बेतानं बसल्या आणि कनातीच्या खालून बांगड्यांसकट डावा हात अलीकडे आला. वैद्यांनी तो धरला. मी त्यांच्या शेजारी होतो. त्या दिवशी पहिल्यांदा माझा हात कुणी मागितला नाही.

मग मालक पडद्यापुढे आला. मिरजेच्या खेळाला गेलेला 'विहिरीतला दिवा'च्या रिळांचा डबा परतताना वाटेतच राहिला होता. "तरी आजच्या खेळात रसिकांच्या आग्रहास्तव 'भिंतीतला खोकला'!"

वैद्य ताडकन उठले. "चल. घरला चल."

"मी न्हाय येत," कनात म्हणाली.

"अगं त्यो खोकला हाय!"

"असू दे की. पाठ हाय मला त्यो."

दिवे मालवले. वैद्य पुन्हा बसले ते जणू फाशीची शिक्षा ऐकल्यासारखे. त्या खेळात मी पडद्याकडे बघितलंच नाही. मी कनातीखालचे ते दोन हात बघत होतो आणि मनातल्या मनात अंबाबाईला विनवत होतो. साहेब दिवा घेऊन निघाला. पेटीमास्तर खोकले. वैद्यांच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या. बंदूक, दिवा, कडी. साहेब भिंतीपाशी पोचला आणि पलीकडून वैनींचा खणखणीत आवाज आला, "अवो, हात सोडा जरा. वैद्याची बायकू हाय मी, मलाबी कळतंय. तुमचाच बेडूक उडतोय!"

बायकांच्या अंगाला हशा पिकला. हात आत गेला. आणि भिंत फुटली, तेव्हा वैद्यांच्या बोटांत काहीच नव्हतं.

दिवे लागले. लोक उठले, पण पलीकडून वैनींचा आवाज नाही. "अगं..." वैद्यांनी हाक मारली. दुसऱ्या हाकेला थांबले नाहीत, त्यांनी सरळ कनात वर उचलली. आत बायांनी एकच गिल्ला केला, दारवाला काठी घेऊन धावला. वैनी गुडघ्यावर हनुवटी टेकून पडद्याकडे बघत बसल्या होत्या.

"काय हुतंय? छातीत दुकतंय? बोल की!"

"गप बसा जरा," वैनी म्हणाल्या. "नंबर लावतीया."

आणि मग, पुरता विचार करून, "तिसरा."

परतताना टांगा इतका हळू चालला होता, की मी मागच्या दांडीला हात लावून पायीच चाललो होतो. पुढं इमामभाईचं "बाजू, बाजू" चाललेलं. वैद्यांनी वैनींखालची गादी दोनदा सारखी केली. मग न राहवून म्हणाले, "तिसरा कसा? तूच पयला म्हनली हुतीस."

"त्यो तुमी केल्याला," वैनी म्हणाल्या. "तुमचा सायब कसा जीव जातोय असा भितो! ह्यो गोरा काय भितोय? नुस्ता डोळं वटारतोय. बघायचं हुतं, बघून झालं. आता मला न्हिऊ नगासा. तुमी बघून येत जावा आन घरात करून दावा."

वैद्यांनी फेट्याचा शेमला पुढं ओढून तोंड पुसलं आणि भर रस्त्यात, येणारेजाणारे बघत असताना, वैनींचा हात हातात घेतला. यावेळी तीन बोटं नव्हती, सगळा हात होता. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. मला वैद्यांचा फार हेवा वाटला, हे आज कबूल करायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सभा भरली. वैद्यांनी खल पुढं ओढला आणि निकाल दिला, "भिंतीतला खोकला. तिसरा नंबर."

"तिसरा?" इमामभाई बाकावरून उठलाच. "परवापतूर पयला हुता की! आमच्या पुलावरच्या पोरीसंगं भांडून भांडून पयला केलासा! मग आता पयला कुठला?"

वैद्य खाली बघून घोटत राहिले.

"हाय एक," ते म्हणाले. "त्यो तुमास्नी बघाय मिळायचा न्हाय."