सेवाज्येष्ठ रक्तपिपासू

दंतवैद्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. यात वावगं काहीच नाही. मुदती संपण्यासाठीच असतात आणि परवाना कार्यालयांचा संसार त्यावरच चालतो. तेव्हा एका सकाळी आपला दंतवैद्य इस्त्रीचा सदरा घालून, सगळ्या कागदांच्या साक्षांकित प्रती बगलेत मारून खिडकीपाशी उभा राहिला. गेलो आणि शिक्का मारून आलो, असा त्याचा अंदाज होता. माणूस शिकलेला असला की असे अंदाज बांधतो.

खिडकीमागच्या बाईंनी कागद बाजूला सारले आणि संगणकाकडे बघत विचारलं, "रक्तपिपासू आपणच का?"

मागच्या रांगेतल्या माना एकदम उंचावल्या.

"मी दंतवैद्य आहे," तो म्हणाला.

"व्यवसाय नाही विचारला. या नावाचं खातं उघडणारे आपणच का?"

आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. तेरा वर्षांचा असताना तलवारबाजीच्या एका ऑनलाइन खेळासाठी त्याने ते नाव घेतलं होतं. त्या वयात प्रत्येक पोराला कुणाचं तरी रक्त प्यायचं असतं. प्रत्यक्षात हा दूधसुद्धा गाळून घ्यायचा आणि साय आली की भोकाड पसरायचा.

"अहो, तेव्हा मी लहान होतो," तो आवाज खाली आणून म्हणाला.

"वयही नाही विचारलं," बाई म्हणाल्या आणि त्यांनी रक्तपिपासू हजर असल्याची नोंद केली.

नवं परिपत्रक आलं होतं: 'एक इसम, एक ओळख'. माणसाने आयुष्यभरात इंटरनेटवर घेतलेली सगळी नावं एकत्र केल्याशिवाय त्याला परवाना द्यायचा नाही. हेतू उदात्त होता, परिपत्रकांचा असतोच. संगणकाने आपल्या दंतवैद्याच्या पाच ओळखी उकरून काढल्या होत्या. तेराव्या वर्षीचा रक्तपिपासू तर होताच. त्यानंतर सतराव्या वर्षी कविता करणारा 'अखंड वेदना'. कॉलेजात साऱ्या जगावर आसूड ओढणारा 'निर्भीड', जो इतका निर्भीड होता की त्याने खरं नाव आणि फोटो कुठेच लावला नव्हता. मग दवाखान्याच्या जाहिरातीसाठी 'डॉ. हसरे दात', आणि मुलगी झाल्यावर 'परीचा बाबा'.

"मग सोपं आहे," दंतवैद्य म्हणाला. "'हसरे दात' ठेवा, बाकीची बंद करा."

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने साहेबांच्या खुर्चीत बसायला मागितलं होतं. "असं कसं? हसरे दात किती कनिष्ठ आहेत."

इथे खरी मेख होती. या नव्या कक्षातली सगळी मंडळी आस्थापना विभागातून बदलून आलेली. आधी कोण रुजू झालं आणि नंतर कोण, हे लावण्यात त्यांची हयात गेली. जगातली कुठलीही गोष्ट त्यांच्यापुढे ठेवा, ते तिची ज्येष्ठता यादी करणार. खात्यांचीही त्यांनी केली. सर्वांत आधी रुजू झालेला म्हणून रक्तपिपासू सर्वांत ज्येष्ठ, आणि कनिष्ठाने ज्येष्ठाला बंद करायचं म्हटल्यावर कार्यालयं चालायची कशी?

"विलीनीकरण वरच्या दिशेने होतं," बाई म्हणाल्या. "आपण रक्तपिपासूंमध्ये विलीन व्हाल. त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली तर गोष्ट वेगळी."

"ते म्हणजे मीच ना?"

"ते त्यांनी सांगायला हवं. त्यांच्या खात्यातून अर्ज करा. तोवर दवाखाना बंद."

झाली का पंचाईत! एका शिक्षिकेची दाढ निम्मी कोरून तात्पुरती बुजवलेली, एका आजोबांची कवळी घडवायला टाकलेली, आणि हा दवाखाना त्याच्या वडिलांनी उभा केलेला. त्याला कुलूप म्हणजे घराच्याच पोटावर पाय आल्यासारखं होतं. दंतवैद्य घरी येऊन रक्तपिपासूच्या खात्यात शिरायला बसला. पासवर्ड अर्थातच विसरलेला. संगणकाने मग लहानपणी त्यानेच ठरवून ठेवलेला प्रश्न विचारला: मोठेपणी तू कोण होणार?

यापेक्षा सोपं ते काय? त्याने लिहिलं, 'दंतवैद्य'. चूक. मग 'वैमानिक' लिहिलं, 'जादूगार' लिहिलं. तेही चूक. शेवटची संधी उरली, तेव्हा तो आईकडे गेला. ती पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आई, मी लहानपणी कोण होणार म्हणायचो गं?"

"दंतवैद्य सोडून काहीही," आई घडीवरून नजर न हलवता म्हणाली.

"काय?"

"असंच म्हणायचास. शाळा सुटली की बाबा तुला दवाखान्यात बसवायचे आणि तू घरी येऊन पाय आपटायचास. मी विचारायचे, मग होणार तरी कोण रे बाबा? तर म्हणायचास, दंतवैद्य सोडून काहीही. शेजाऱ्यांनासुद्धा पाठ झालं होतं."

त्याने तसंच्या तसं लिहिलं आणि खातं उघडलं. दंतवैद्याला हसू आलं, पण मनातून वाईटही वाटलं. या पोराला एका शब्दाने न विचारता आपण सगळं परस्पर ठरवून टाकलं, आणि आता वर त्याच्याच राजीनाम्याचा अर्ज करतोय. तरी त्याने तो केला. पोटापुढे माणूस स्वतःलाही ओळखत नाही.

कार्यालयाचं उत्तर आलं, की ज्येष्ठांची निवृत्ती सुनावणीशिवाय मंजूर होत नाही. सुनावणीच्या खोलीत पाच खुर्च्या मांडल्या होत्या आणि प्रत्येकीवर नावाची पाटी होती. सुनावणी अधिकारी चष्मा पुसत म्हणाले, "ज्यांच्या वतीने बोलाल, त्यांच्या खुर्चीत बसा. गोंधळ नको."

दंतवैद्य पहिल्या खुर्चीत बसून म्हणाला, की मी स्वखुशीने निवृत्त होतोय. मग उठून चौथ्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, आमची हरकत नाही. अधिकाऱ्यांनी निर्भीडांचं मत विचारलं, तेव्हा तो तिसरीकडे धावला. दोन खुर्च्यांच्या मध्ये तो काही बोलला, तर लेखनिक लिहून घेत नसे, कारण तिथे कुणीच बसलेलं नव्हतं.

"अखंड वेदना बंद करण्यास कुणाचा आक्षेप?" अधिकाऱ्यांनी रीत म्हणून विचारलं.

"माझा आहे," मागून आवाज आला. ती दंतवैद्याची बायको होती.

"अगं, तू कशाला मध्ये पडतेस?" तो कुजबुजला.

"मी वेदनाशी लग्न केलंय," ती अधिकाऱ्यांना म्हणाली. "रात्रंदिवस कविता पाठवायचा. हे हसरे दात लग्नानंतर घरात आले. यांच्याबद्दल मला कुणी विचारलं नव्हतं."

अधिकाऱ्यांनी सहानुभूतीने मान हलवली. तेही विवाहित असावेत. मग त्यांनी पाचही खात्यांची तपासणी केली आणि निकाल वाचला.

"वेदना यांनी 'तुझ्याविना जगणार नाही' असं तिघींना लिहिलं. ते जगले. निर्भीड यांनी सर्व परवाना कार्यालयं जाळा असं लिहिलं. ते आज परवान्याच्या रांगेत आहेत. हसरे दात लिहितात, 'अजिबात दुखणार नाही.' यावर कार्यालय भाष्य करू इच्छित नाही. माझी स्वतःची अक्कलदाढ यांच्याकडेच काढली होती. 'इतके प्रेमळ डॉक्टर उभ्या जन्मात पाहिले नाहीत' असा अभिप्राय परीचा बाबा यांनी हसरे दात यांना दिला आहे. राहता राहिले रक्तपिपासू. त्यांनी एका ठिकाणी लिहिलंय, 'मी हरलो. तू माझ्यापेक्षा भारी खेळलास.' असं वाक्य बाकी चौघांत एकानेही लिहिलेलं नाही. सबब निवृत्ती नामंजूर. परवाना ज्येष्ठांच्याच नावे."

दंतवैद्याने कपाळावर हात मारला. कुठल्या खुर्चीत बसून मारला, याची नोंद सापडत नाही.

दवाखान्यावर पाटी लागली: डॉ. रक्तपिपासू, दातांचे तज्ज्ञ. आता इथे काळं कुत्रं फिरकणार नाही, असं त्याने धरूनच ठेवलं होतं. पहिले काही दिवस लोक पाटीचे फोटो काढायला आले. पण नियमाप्रमाणे ज्येष्ठांच्या नावाखाली कनिष्ठांची आश्वासनं चालत नसत, म्हणून त्याला 'अजिबात दुखणार नाही' हा फलक उतरवावा लागला. रुग्णाने घाबरून विचारलं, की तो खरंच सांगू लागला, "दुखेल. पण थोडंच, आणि मी मध्येच थांबेन." दातांच्या बाबतीत इतकं खरं कुणी कधी ऐकलं नव्हतं. गर्दी मावेना. लेकीचा शाळेत भाव वधारला, बायकोला अधूनमधून कविता मिळू लागल्या, आणि आईने सगळ्या नात्यात सांगितलं, की आमचा मुलगा रक्तपिपासू झाला.

ही यशोगाथा वर कळवली गेली आणि वरच्यांना फार आवडली. पुढचं परिपत्रक निघालं: योजना आता परवान्यांपुरती नाही, सरसकट सगळ्यांना लागू. यापुढे ज्याने त्याने आपल्या सर्वांत ज्येष्ठ ओळखीनेच नंबर लावायचा.

आता दवाखान्यात बाहेरच्या बाकांवर गाल धरून भारदस्त मंडळी बसलेली असतात. मदतनीस बाईंचा आवाज खणखणीत. त्या दारात येऊन पुकारतात, "प्रेमवेडा पोपट!" कुणी हलत नाही. मग टोपी काढून, मान खाली घालून फौजदारसाहेब उठतात. बाई पुन्हा पुकारतात, "जीवघेणी जुलिया!" आणि मुख्याध्यापिका पर्स सावरत आत जातात. बाकीचे कौतुकाने हसतात, आपला नंबर येईपर्यंत.

तुम्हीही हसलात. मग एकदम तुमचं ते पहिलं नाव आठवलं आणि आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे तुम्ही पाहून घेतलंत. घाबरू नका. बाई ते एकदाच पुकारतात, पण उच्चार अगदी स्पष्ट असतो.