कणगीतलं गाणं

मी चौथीत शाळा सोडली, पण गाणं सोडलं नाही. आता कोणाला माझा आवाज फाटका वाटत असेल, तर त्याने आपले कान शिवून घ्यावेत.

भानगड सुरू झाली ती स्पीकरवाल्या गजामुळे. माझ्या धाकट्या लेकीचं, मैनेचं लग्न ठरलं होतं, लोधिवलीत दिली तिला. गजा खालापुराहून मांडव बघायला आला आणि म्हणाला, "काका, हळदीला सगळी शिनेमाची गानी हायेत. एकदम नवी."

"आन माजं?" (मैनेवर मी स्वतः एक गाणं रचलं होतं. रचता रचता दोनदा बैल दुसऱ्याच्या भाजीत शिरले.)

"तुमी आता बसून ऐकायचं, काका. कॅसेटचा जमाना हाय."

"मग कॅसेटच देतो तुला! माजं गानं वाजलं तर ठीक, नायतर मी मांडवात पाय ठेवनार नाय!"

हे मी सगळ्या आळीसमोर बोललो. आमची कारभारीण ठकूबाई हळद कुटत होती, तिचं मुसळ वरच राहिलं.

आमचा थोरला पोरगा श्रीपत रसायनीला कारखान्यात आहे, त्याचा टेपरेकॉर्डर घेतला. दुसरा शेजारच्या सदूचा आणला. पहिल्यांदा सगळ्या वाजवणाऱ्यांना एकत्र बसवून गाणं घेतलं, तर नुसती ढोलकीच ढोलकी. माझा आवाज लग्नातल्या गरीब पाहुण्यासारखा कोपऱ्यात. आवाज कमी-जास्त करायला बटण नव्हतं, मग मी माणसंच सरकवली. ढोलकीवाला कोंडाजी गोठ्यात, पेटीवाला उंबऱ्यावर, टाळवाला परसात शेवग्याखाली. (टाळवाला रुसला. रुसू दे. वाजवणं बेस आलं.) ते एका यंत्रात भरलं. आता ते चालू ठेवून वर मी गायचं, आणि दोन्ही मिळून दुसऱ्या यंत्रात घ्यायचं. हे मला कोणी शिकवलं नाही, आणि शिकवायला आला असता तर हाकलला असता.

कोंबड्या गाण्यात येत होत्या, म्हणून घरातल्या सगळ्या गोधड्या दारं-खिडक्यांवर टांगल्या आणि माणसं बाहेर काढली. तरी आवाज कोरडाच. शिनेमात कसा घुमतो! तेवढ्यात नजर गेली भात साठवायच्या बांबूच्या उंच कणगीवर. वैशाखात तिच्यातलं भात तळाला गेलेलं असतं. शिडीवरून तिच्या पोटात डोकं घालून मी "होऽऽ" केलं. कणगीने माझ्याहून मोठ्याने "होऽऽ" केलं.

झालं! भरणारं यंत्र वाशाला टांगलं, त्याचा माईक आत सोडला. वाजणारं यंत्र शिडीवर ठेवलं, दोन्ही चालू केली आणि कणगीत उडी मारली. असा गायलो म्हणता!

गाणं संपल्यावर ध्यानात आलं, की शिडी बाहेर आहे आणि मी आत. काठ डोक्याच्या वर वीतभर, धरून लोंबकळावं तर कणगीच कलंडणार. माईकची वायर ओढावी तर यंत्र टाळक्यात पडणार. ओरडलो. पण गोधड्यांनी काम चोख केलं होतं. बाहेरचा आवाज आत नाही, तसा आतलाही बाहेर नाही. भाताचं तूस सदऱ्यात शिरलं आणि मी एकटाच नाचायला लागलो.

शेवटी ठकूबाई भात काढायला आली आणि तिने वरून डोकावलं.

"अगं बया! ह्यो कंचा उंदीर?"

"शिडी टाक आत!"

"टाकते. आदी म्हना, गानं वाजो नायतर न वाजो, पोरीच्या हळदीला मांडवात बसंन."

"नाय म्हननार!"

"मग बसा हितंच. मी भाकऱ्या थापून येते."

आणि खरंच गेली! भाकऱ्या कधी एवढ्या सावकाश थापल्या नव्हत्या तिने.

"काय ठरलं?" परत आल्यावर तिने विचारलं.

"अगं, हट्ट नाय गं त्यो. मैना गेली की माजं गानं ऐकनारं हाय कोन घरात? मी तोंड उघडलं की तू कोंबड्या हाकलाय जातेस. कॅसेटीत भरलं तर तिच्याबरूबर जाईल, येवडंच."

वर बांगड्या वाजल्या. मग शिडी आत आली. अर्ध्यावरच थांबली.

"आन मांडवात?"

"बसंन! बसंन! काढ भाईर!"

पहिलं कडवं लावून ऐकलं. आवाज असा घुमत होता की माझा मलाच राग आला, इतकी वर्षं बैलांना का ऐकवलं म्हणून. सेल जपायचे होते, बाकीचं ऐकलं नाही.

हळदीला गजाने कॅसेट लावली. गाणं संपेपर्यंत मांडव गप्प. मी मिशीला पीळ भरतोय, तोच कर्ण्यातून आधी कणगीतल्या माझ्या बोंबा आल्या, आणि मग अख्ख्या गावाला ऐकू गेलं, "अगं बया! ह्यो कंचा उंदीर?"

बाया हळद टाकून लोळायला लागल्या. गजाचा हात बटणाकडे गेला.

"खबरदार!" मी ओरडलो. "माजी कॅसेट हाय. पुरी वाजंल!"

पुरी वाजली, भाकऱ्यांच्या वेळची खरखर धरून. "मैना गेली की" आलं, तेव्हा हसणारे थांबले. मैनेने हळदीच्या हाताने डोळे पुसले, ते आणखी झोंबले. माझ्याही डोळ्यात तूस गेलं होतं. (कणगीतलंच. तूस फार चिवट असतं.)

कॅसेट मैनेबरोबर सासरी गेली. जिंकलो की नाही?

पुढे लोधिवलीला गेलो, तर अंगणापर्यंत माझा आवाज ऐकू येत होता. छाती काढून उभा राहिलो. तेवढ्यात आतून आमची विहीण भागूबाई म्हणाली, "मैने, ते गानं फुडं पळव गं. उंदरापासून लाव."

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"या इवाय, या! वाईच उंच हाय ओटा. शिडी लावू का?"