कपाट क्रमांक सत्तावीस

देवश्रीने गुणाकररावांचा कर्मचारी क्रमांक तिसऱ्यांदा टाकला आणि पडद्यावर तिसऱ्यांदा तीच लाल ओळ उमटली: मूळ पदस्थापना बैहर, या इमारतीत आसन देय नाही.

"काकाजी, सिस्टम तुमाले घेऊनच नाही राह्यलं," देवश्री म्हणाली.

"हळू बोल," म्हणत गुणाकरराव तिच्या खुर्चीमागे अशा बेताने उभे राहिले की पडदा कुणाला दिसू नये.

बालाघाटच्या त्या कार्यालयात गुणाकरराव म्हणजे बडे बाबू. कोणती फाइल कुठे आहे, कोणत्या साहेबाला चहात साखर किती लागते, सगळे त्यांना तोंडपाठ. पण कागदोपत्री ते बैहरचे नोकर होते. अकरा वर्षांपूर्वी तीन महिन्यांसाठी म्हणून त्यांना इथे अटॅच केले होते, 'पुढील आदेशापर्यंत'. पुढचा आदेश काढायचे काम बडे बाबूंचे असल्याने तो कधी निघाला नाही. एवढ्या काळात साहेब सात बदलले आणि सातही जणांना वाटत राहिले, की हा माणूस इमारतीबरोबरच बांधला गेला असावा.

आता ती इमारतच बदलणार होती. शेजारी तीन मजली नवी इमारत उभी राहिली होती आणि कोणता विभाग कोणत्या मजल्यावर, कोणाची खुर्ची कुठे, हे एक सॉफ्टवेअर ठरवणार होते. नवे साहेब मोठे हौशी. त्यांनी परिपत्रक काढले, की सोमवारी सर्वांनी नकाशाप्रमाणे बसावे आणि नकाशात ज्याचे आसन नाही, त्याने आपल्या मूळ जागी तत्काळ हजर व्हावे. परिपत्रकाचा मसुदा गुणाकररावांनीच, सुवाच्य अक्षरात, 'तत्काळ'खाली रेघ मारून तयार केला होता.

त्या दिवशी ते सहा वेळा पाणी प्यायले, चार वेळा खिडकीपर्यंत जाऊन आले आणि चष्मा कपाळावर असताना त्यांनी तो टेबलाखाली शोधला. घरी आले तेव्हा बायकोने, मीनाक्षीताईंनी, चपला काढण्याच्या आवाजावरूनच ओळखले.

"काय झालं?"

"बैहर," गुणाकरराव म्हणाले.

मीनाक्षीताई पाटावरून उठल्याच. मुलीची, ईराची, बारावी होती. घराचे प्लास्टर नुकते सुकले होते. बैहर म्हणजे उकव्याचा घाट, अडीच तासांची बस आणि आठवड्यातून एकदा घरी येणारा नवरा. लग्नानंतरची आठ वर्षे त्यांनी तशी काढली होती आणि पुन्हा काढायची त्यांची मुळीच तयारी नव्हती.

"काही बी करा," त्या म्हणाल्या, "पण तुमी जायचं नाही."

काही बी करायचे म्हणजे काय, हे गुणाकररावांना दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सुचले. देवश्री फर्निचरची यादी भरत होती. माणसांना क्रमांक विचारणारे ते सॉफ्टवेअर कपाटांना काहीच विचारत नव्हते. वजनदार कपाट दिसले, की निमूटपणे तळमजल्यावर जागा देत होते. गुणाकररावांचा गुडघाही जिने चढायच्या विरोधातच होता.

"देवश्री, एक कपाट राह्यलं," ते म्हणाले. "सत्तावीस नंबर. लिही."

"कपाट? आणि बसाल कुठी?"

"त्याच्या जागी. टेबल टाकलं का झालं. साहेबाले बसलेला माणूस दिसला म्हणजे झालं नं."

देवश्रीने त्यांच्याकडे पाहिले, मग पडद्याकडे. पोरगी मनाने चांगली होती आणि तिची कंत्राटी नोकरी बडे बाबूंनीच दोनदा वाढवून आणली होती.

"वजन?" तिने विचारले.

"बहात्तर किलो."

"उंची?"

"पाच फूट सहा."

"हालत?"

"चांगली. दाराचा खालचा एक कब्जा कुरकुरते फक्त."

"आत काय हाय?"

गुणाकररावांनी क्षणभर विचार केला. "आत काही नाही," ते म्हणाले.

सॉफ्टवेअरने कपाट क्रमांक सत्तावीसला तळमजल्यावर, पूर्वेच्या खिडकीला लागून प्रशस्त जागा दिली. अकरा वर्षांत माणूस म्हणून गुणाकररावांना खिडकी मिळाली नव्हती, ती कपाट होताच मिळाली. त्या संध्याकाळी ते गुणगुणत घरी गेले.

त्यांचे गुणगुणणे एकच दिवस टिकले. भांडाराचे महेंद्र वासनिक भल्या सकाळी रजिस्टर काखोटीला मारून समोर उभे राहिले.

"बडे बाबू, माह्या रजिस्टरात सव्वीस कपाटं हायेत. हे सत्तावीसवं कोठून आलं?"

"जुनं हाय. दुरुस्तीले गेलतं."

"कुठी?"

"किरनापूरले," गुणाकरराव म्हणाले, कारण तोंडाशी तेच आले.

"आपलं कपाट किरनापूरले काहून जाईल? इथं काय लोहार मेले का?" महेंद्र म्हणाले आणि भांडाराच्या इज्जतीचा प्रश्न असल्याने तडक साहेबांकडे गेले. गुणाकरराव मागोमाग पोचेपर्यंत साहेबांनी संगणकावर सत्तावीस नंबर उघडलाही होता.

"बडे बाबू, ये अलमारी खाली क्यों है?"

"खाली म्हणजे, सर, तळमजल्यावर..."

"नहीं, अंदर कुछ नहीं है. जगह घेर रही है." साहेबांनी एक बटण दाबले. ते सॉफ्टवेअर मोठे कर्तव्यदक्ष होते. रिकामी वस्तू दिसली, की जिल्ह्यात तिची कमतरता कुठे आहे ते शोधून काढायचे. बैहरच्या कार्यालयाने चार वर्षांपूर्वी एका कपाटाची मागणी केली होती. ती मागणी मागे ठेवून द्यायचे कामही गुणाकररावांनीच केले होते.

"लो, हो गया," साहेब खूश होऊन म्हणाले. "बैहर भेज दीजिए. आप ही ने चढ़ाई है, आप ही पहुँचाकर आइए. सोमवार को मुझे पावती चाहिए."

गुणाकरराव देवश्रीकडे धावले. तिने मान हलवली. साहेबांच्या सहीने निघालेला आदेश तिला पुसता येत नव्हता. आता कपाट नाही म्हणून सांगावे, तर यादीत कोण होते ते सांगावे लागणार. कपाट हवेच होते. सरकारी कपाटांसारखे हिरवट रंगाचे, जुने, खालचा कब्जा कुरकुरणारे. तसे एकच कपाट त्यांच्या माहितीत होते आणि ते त्यांच्याच शयनगृहात उभे होते.

मीनाक्षीताईंना त्यांच्या वडिलांनी गोंदियाहून ते लग्नात पाठवले होते. गुणाकररावांनी सगळी हकिकत मान खाली घालून सांगितली.

"म्हणजे तुमी सोताले कपाट लिवलं," मीनाक्षीताई म्हणाल्या.

"हौ."

"आणि मंग माह्यं कपाट द्यायचं."

"तुले नसन द्यायचं तं..."

मीनाक्षीताईंनी कपाट उघडले. लग्नाचा शालू, ईराची बाळलेणी, लोकरीच्या शाली त्यांनी एकेक करून पलंगावर काढल्या. शेवटचा कप्पा रिकामा करताना त्यांचे डोळे भरले, पण हात थांबले नाहीत. "कपाट गेलं तं गेलं," त्या म्हणाल्या. "माणूस गेला तं मी काय करू?" गुणाकररावांना त्या घडीला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी शालींच्या घड्या घालायला मदत केली आणि त्या सगळ्या मीनाक्षीताईंना पुन्हा घालाव्या लागल्या.

शनिवारी सकाळी पिकअप निघाली. मागे दोरखंडाने बांधलेले कपाट, पुढे गुणाकरराव. उकव्याच्या घाटात प्रत्येक वळणाला कपाटाचा कब्जा कुरकुरला आणि प्रत्येक वळणाला गुणाकररावांचा गुडघाही. दोनची परतीची बस पकडायची, संध्याकाळी जेवायला घरी, असा त्यांचा हिशेब होता.

बैहरचे कार्यालय बैठे होते, जिना म्हणून नाही. दारात शिपाई तुळसाबाई उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, बाकी तशाच.

"आले का बाबूजी," त्या म्हणाल्या, जणू गुणाकरराव पान खायला बाहेर गेले होते. "या, तुमचं टेबल पुसूनच ठेवलं हाय."

पूर्वेच्या खिडकीशी एक टेबल होते. त्यावर शाईचा डाग होता, तो गुणाकररावांनीच पाडलेला. अकरा वर्षे तुळसाबाई ते रोज पुसत होत्या, कारण ते पुसू नये असा आदेश कुणी काढला नव्हता.

"बाई, मी फक्त कपाट द्यायले आलो," गुणाकरराव म्हणाले. "पावती पायजे. दोनची बस हाय."

पावती संगणकावर निघायची. तिथला पवन नावाचा तरुण बाबू फार चपळ होता. गुणाकररावांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचा क्रमांक त्याने लांबूनच वाचला आणि 'वस्तू आणणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक' या रकान्यात टाकूनही दिला.

"थांब," गुणाकरराव म्हणाले.

पण पडद्यावर हिरवी ओळ आली होती. मूळ पदस्थापना बैहर. कर्मचारी स्वस्थानी उपस्थित. अटॅचमेंट समाप्त. आसन: तळमजला, पूर्वेची खिडकी. कपाट क्रमांक सत्तावीस: शेजारी.

"अरे वा, बधाई हो बाबूजी," पवन म्हणाला आणि त्याने दोन कागद छापले. एक कपाटाची पावती, दुसरी गुणाकररावांची.

दोनची बस गेली. तुळसाबाईंनी चहा आणला. गुणाकररावांनी बऱ्याच वेळाने फोन लावला.

"पोचलं का कपाट?" मीनाक्षीताईंनी विचारले.

"हौ. जमा झालं."

"आणि तुमी?"

"मीबी झालो," गुणाकरराव म्हणाले.

पलीकडे ईराने काहीतरी विचारले आणि मीनाक्षीताईंनी तिला थांब म्हटले.

"आतल्या कप्प्याची चाबी माह्यापाशीच राह्यली," मग त्या म्हणाल्या. "उद्याच्या बसनं घेऊन येतो. तुमचे कपडेबी आणतो. आता ठेवायले कपाट हाय नं तुमाले."

फोन ठेवून गुणाकरराव खिडकीशी बसले. जागा प्रशस्त होती आणि ऊनही बेताचे होते.