घोट्याएवढा पूर

नगरपालिकेनं नदीकाठच्या गल्लीत घरोघरी निळ्या पाट्या ठोकल्या. 'गेल्या पुरात पाणी इथपर्यंत आलं होतं.' लोकांनी सावध राहावं, एवढाच हेतू. वाल्दोमिरोच्या भिंतीवरची पाटी त्याच्या डोक्याच्याही वर गेली, आणि घर विकून डोंगरावर लेकीशेजारी राहायचा त्याचा बेत बारगळला. गिऱ्हाईक यायचं, मान वर करून पाटी वाचायचं आणि कॉफीसुद्धा न घेता सटकायचं.

शेवटी वैतागून त्यानं पाटी उपटली आणि घोट्याच्या उंचीवर ठोकली.

"काय हो वाल्दोमिरो," शेजारची दोना झुल्मीरा कुंपणावरून म्हणाली, "माझ्याकडे डोक्याच्या वर आणि तुमच्याकडे घोट्यापर्यंत? तुमच्या दारात पाणी काय वाकून आलं होतं?"

"तुम्हालाही घर विकायचंय ना? मग ही हातोडी घ्या आणि गप्प बसा."

हातोडी गल्लीभर फिरली. थोड्याच दिवसांत सगळ्या गल्लीचा पूर घोट्यावर आला.

तेवढ्यात नगरपालिकेनं पूरनियोजन काढलं. बांध-भिंतींना पैसा नव्हता, म्हणून पाऊस वाढला की कोणी कुठे जायचं तेवढं ठरवायचं होतं. जुन्या नोंदी कचेरीच्या तळघरात होत्या, म्हणजे पुरातच गेल्या होत्या. मग इंजिनियर टेप घेऊन पाट्याच मोजत आला.

"अभिनंदन, काका! शहरात तुमच्याइतकी सुरक्षित गल्ली नाही. वर डोंगरावर दरडीचा धोका आहे. धोका दिसला की तिथली माणसं तुमच्या घरी आणू. मोठंय, रिकामंच आहे."

वाल्दोमिरोनं तोंड उघडलं. पण मागे घरात एक गिऱ्हाईक चक्क स्वयंपाकघराचं कौतुक करत होतं. त्यानं तोंड मिटलं. भित्रा आणि हावरट माणूस, दुसरं काय!

घराचा सौदा व्हायच्या आतच पावसानं गाठलं. भर दुपारी भोंगा वाजला आणि डोंगर खाली उतरला. म्हाताऱ्या, कुत्री, गाद्या. सगळ्यांत पुढे त्याची लेक जुसारा, दोन पोरं घेऊन.

"इथे का आलीस? पळ!"

"तुमच्याचकडे पाठवलंय, बाबा. पूर आला तेव्हा मी राजधानीत होते, पण पाटी तर घोट्यालाच आहे की."

"खोटी आहे ती! मी खाली ठोकली! पाणी छपराला लागलं होतं!"

"बघा, घर खराब होईल म्हणून हाकलतोय," गादी पसरत एक म्हातारा म्हणाला. सगळे हसले. उंबऱ्याला पाणी लागलं होतं.

"दोना झुल्मीरा!" वाल्दोमिरो दारातून किंचाळला. "तुम्ही तरी सांगा हो यांना!"

झुल्मीरा घाईघाईनं गल्लीतून चालली होती. तिचंही गिऱ्हाईक ठरलं होतं. "माझ्याकडे तर घोट्यापर्यंतच आलं होतं बाई," ती न थांबता म्हणाली. तिच्या डोक्यावर टीव्ही होता, काखेत कोंबडी होती आणि ती चर्चच्या मनोऱ्याकडे पळत होती.

जुसारानं बापाकडे पाहिलं, मग त्या टीव्हीकडे. आणि दोन्ही पोरं खांद्यावर घेऊन ती झुल्मीराच्या मागे धावत सुटली.