तांब्याच्या डोक्यावर मामाचा फेटा

"अण्णाप्पा भाचीच्या लग्नाला जायचा न्हाई, कारण त्यो..." एवढं त्याच्या शेजारची धोंडुबाई बोलली आणि गिरणी सुरू झाली. पुढचं सगळं घरघरीत बुडालं. डबे घेऊन बसलेल्या बायकांनी ते आपापल्या परीनं पुरं केलं. रुसला असणार! मामा आणखी कशानं लग्नाला यायचा राहतो?

खरं म्हणजे अण्णाप्पा पडला होता. विकतचा तयार फेटा नको, माळ्यावरचा आपल्या लग्नातलाच बांधायचा, असं त्याच्या मनानं घेतलं आणि तो स्टुलावर चढला. फेटा हाती आला, पण उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये गेला.

बहीण विजयमाला देवाघरी जाताना त्याचा हात धरून म्हणाली होती, "दादा, ब्राह्मीच्या लग्नात तिच्या मागं तू उभा ऱ्हा." आता लग्न फलटणला आणि दादा सांगलीत, खाटेवर.

"मी फोनवरनं उभा ऱ्हातो," तो बायकोला म्हणाला.

"झोपून उभं ऱ्हानारा मामा!" गुणमालानं बॅगेची चेन ओढली. पण तिचेही डोळे भरले होते.

लग्नाच्या दिवशी अण्णाप्पा खाटेवर सजून बसला. (वर कोट-फेटा, खाली लुंगी आणि प्लास्टर.) मुठीत अक्षता. तिकडं ब्राह्मीच्या भावानं, सम्मेदनं, नवरीच्या मागं खुर्चीवर पितळी तांब्या ठेवून त्याला फोन टेकवला. व्हिडिओत ब्राह्मीचा गजरा दिसला, अंतरपाट दिसला. अण्णाप्पाचा ऊर भरून आला.

तेवढ्यात नवऱ्या मुलाचे वडील भाऊसो पुढं आले. "मामांचा मान ऱ्हायला की!" म्हणत त्यांनी तांब्यालाच फेटा बांधला. त्याचा सोगा फोनवर पडला. अण्णाप्पापुढं अंधार.

"आवं, काढा त्यो फेटा!" तो ओरडला.

मांडवातल्या माना तांब्याकडं वळल्या. गिरणीतली बातमी फलटणला आधीच पोचली होती.

"मामांनी मान नाकारला," कुणीतरी कुजबुजलं.

भाऊसोंनी हात जोडले. "चुकलं आमचं, मामा. साधा बांधला. आता जरीचा बांधतो." आणि पहिल्यावर दुसरा चढवला.

"मला दिसंना! दिसंना मला!" दोन फेट्यांखालून आवाज चिलटासारखा आला.

"रडत्यात मामा," बायका हळहळल्या. मंगलाष्टका सुरू झाल्या.

अण्णाप्पानं काळ्या पडद्यावर अक्षता टाकल्या. कोपऱ्यातल्या चौकोनात त्याचं स्वतःचंच तोंड तेवढं दिसत होतं.

सगळं उरकल्यावर ब्राह्मीनं फेटे सोडले. "मामा, रुसलासा व्हय?"

"न्हाई गं पोरी. तू दिसलीच न्हाईस..." एवढं बोलेस्तोवर सम्मेदच्या फोनची बॅटरी संपली.

दुसऱ्या दिवशी गुणमाला परत आली. अण्णाप्पानं चाचरत विचारलं, "मी न्हवतो तर कुणाला चुकल्यासारखं वाटलं का गं?"

"छे! उलट समदी म्हनत होती, ह्या खेपंला मामा लय शांत उभा ऱ्हायला. सम्मेदच्या लग्नात तुमी अंतरपाट धरणाऱ्यालाच शिकवत होता."

अण्णाप्पानं भिंतीकडं तोंड फिरवलं. लग्नातले बुंदीचे लाडूसुद्धा नको म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी वीज गेल्यानं गिरणी बंद होती. रांगेत बसलेल्या धोंडुबाईला तिचं वाक्य एकदाचं पुरं करता आलं, "...कारण त्यो पडलाय, असं म्हनत होते मी."

"मग रुसलाय म्हंत्यात ते?"

"ते व्हय. पर ते कालपासनं."