ओळख पटवण्याची शेवटची तारीख

विद्यापीठात ज्याचं नाव एकालाही सांगता येत नाही, तो माणूस एकतीस जानेवारीला पटावरून उतरतो आणि एक फेब्रुवारीपासून दिसायचा बंद होतो. नियम जुना आहे आणि त्याबद्दल कुणाची फारशी तक्रार नाही. गेल्या वर्षी अकरा जण उतरले. ते आवारातच असतात. कँटीनमध्ये एखादी खुर्ची आपोआप मागे सरकली, की लोक क्षणभर थांबतात आणि दुसरं टेबल बघतात.

दमयंती हुद्दार यांना एकोणतीस तारखेला सकाळी पत्र मिळालं. त्या सेहेचाळीस वर्षांच्या, यवतमाळच्या शाळेतून रजा घेऊन संशोधनासाठी आलेल्या. विषय होता 'जुन्या पत्रांतील मायने'. पत्राच्या सुरुवातीला कुणाला कोणत्या शब्दांत संबोधायचं, यावर त्यांनी साडेतीनशे पानं लिहिली होती. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं. आलेल्या पत्राला मायना नव्हता. 'आपणांस ओळखणारी एकही व्यक्ती नोंदीत आढळली नाही. तरी साक्षीदारासह परिचय कक्षात हजर राहावे.'

नातेवाईक साक्षीला चालत नाहीत, मार्गदर्शक चालत नाहीत. वसतिगृहातली सोबतीण नोव्हेंबरात लग्न होऊन गेली होती. दमयंतीबाई कागद घेऊन बसल्या. चार वर्षांत ज्यांना बघून मान हलवली, हसल्यासारखं केलं, असे अठ्ठावीस चेहरे त्यांना आठवले. नाव एकाचंही आठवलं नाही. आपलंही त्या अठ्ठाविसांना आठवत नसणार, हे त्यांना तेव्हाच कळलं.

मात्र एक गृहस्थ नुसती मान हलवून जात नसत. ते थांबत. साठीच्या आसपासचे, राखाडी स्वेटर, हातात कापडी पिशवी. पहिल्या वर्षी झेरॉक्सच्या रांगेत ते एकदम वळून म्हणाले होते, "ओळखलंत ना?"

"हो हो! न ओळखायला काय झालं!" दमयंतीबाई म्हणाल्या होत्या. दुसरं काय म्हणणार?

"चिरंजीव काय म्हणतात?"

दमयंतीबाईंचं लग्न झालेलं नव्हतं. पण मागे रांग होती आणि गृहस्थांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की त्या "मजेत" म्हणाल्या. तेव्हापासून चिरंजीव दर भेटीत थोडे पुढे सरकत गेले. ते इंजिनिअर झाले, बंगळुरूला लागले, गेल्या महिन्यात त्यांचा साखरपुडाही झाला. एकतर्फी बरं दिसत नाही म्हणून दमयंतीबाईही विचारत, "आई कशा आहेत?" एका उजळणी वर्गात भूगोलाचे कुणी भोगले सर भेटले होते आणि त्यांच्या आई आजारी होत्या, हे बहुधा तेच, असा त्यांचा अंदाज होता. गृहस्थ म्हणत, "आता बऱ्या आहेत."

तीस तारखेला सकाळी ते ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर भेटले. दमयंतीबाईंनी पत्र दाखवलं.

"अहो, त्यात काय एवढं!" गृहस्थ म्हणाले आणि पिशवीतून अगदी तसंच पत्र काढलं. "मलाही आलंय. रात्रभर झोप नाही. मग म्हटलं, वेडा की काय मी, बाई आहेत की! चला."

परिचय कक्षात आगलावे मॅडम होत्या. त्यांनी दोघांना समोरासमोर बसवलं.

"एकमेकांनी एकमेकांचं नाव, विभाग आणि एक खाजगी गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्यानं बरोबर की चूक ते सांगायचं. साक्ष चुकली तर साक्षीदार तिथल्या तिथे उतरतो. ज्याच्यासाठी साक्ष होती, त्याला उद्या पाचपर्यंत दुसरा शोधता येतो. करा सुरुवात."

"या पेंढरकर मॅडम," गृहस्थ लगेच म्हणाले. "संख्याशास्त्र. मुलगा बंगळुरूला, नुकताच साखरपुडा झाला." आणि वर्गात पहिलं उत्तर दिलेल्या मुलासारखे ते दमयंतीबाईंकडे बघून हसले.

"बरोबर?" आगलावे मॅडमनी विचारलं.

दमयंतीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. उद्या पाचपर्यंत तीस तास होते. अठ्ठावीस चेहऱ्यांपैकी एखाद्याला आपलं नाव माहीत असेलही. फक्त 'चूक' म्हणायचं होतं. गृहस्थांच्या स्वेटरचं वरचं बटण चुकीच्या काजात अडकलं होतं, आणि ते अजून हसत होते.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

"आता तुम्ही."

"हे भोगले सर. भूगोल. यांच्या आई फार आजारी होत्या, आता बऱ्या आहेत."

गृहस्थांचं हसू जागच्या जागी राहिलं, पण त्यातलं काहीतरी निघून गेलं. त्यांनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली.

"बरोबर?"

"बरोबर," ते म्हणाले. "अगदी बरोबर."

आगलावे मॅडमनी पट उघडून बोट फिरवलं. "पेंढरकर गेल्या वर्षी उतरल्या. भोगले त्याच्या आदल्या वर्षी. म्हणजे दोन्ही जागा रिकाम्याच आहेत. काही अडचण नाही." त्यांनी दोन शिक्के मारले. "आजपासून आपापल्या विभागात बसायचं."

"आणि हुद्दारांचा प्रबंध?" दमयंतीबाईंनी विचारलं. "एकच प्रकरण राहिलंय."

आगलावे मॅडमनी चष्मा वर केला. "ओळखता का तुम्ही त्यांना? ओळखत असाल तर साक्ष देता येईल तुम्हाला. उद्यापर्यंत वेळ आहे. फक्त त्यांना इथे हजर करावं लागेल."

दमयंतीबाईंनी आपल्या पत्राची घडी घातली.

"नाही," त्या म्हणाल्या. "तोंडओळख होती."

बाहेर व्हरांड्यात दोघं खांबाशी उभे राहिले. समोरून मुलं चालली होती, एकमेकांना बघून भुवया उडवत होती.

"माझी आई मी सात वर्षांचा असताना गेली," गृहस्थ म्हणाले.

"मग सांगितलं नाहीत ते?"

"तुम्ही इतक्या आपुलकीनं विचारायचात. पुढे पुढे मलाही वाटायला लागलं, की आहे कुठेतरी, बरी आहे."

"मला मूल नाही," दमयंतीबाई म्हणाल्या.

"अरेरे! आणि तो साखरपुडा?"

"तुम्हाला आनंद व्हायचा."

गृहस्थांनी मान हलवली. मग इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाले, "आता शिक्का बसलाच आहे, त्यामुळे काही बिघडत नाही. तुमचं खरं नाव काय हो?"

"दमयंती हुद्दार." त्यांनी ते सावकाश, एकेक अक्षर वेगळं करत सांगितलं. सोबतीण गेल्यापासून हे नाव मोठ्यानं कुणी उच्चारलं नव्हतं.

गृहस्थांनी डोळे बारीक केले आणि मनापासून आठवायचा प्रयत्न केला.

"कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले, आणि भूगोल विभागाकडे निघून गेले. ते जिना उतरल्यावर दमयंतीबाईंच्या लक्षात आलं, की आपण त्यांचं विचारलंच नाही.

संख्याशास्त्र विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. दाराशी स्टुलावर शिपाई बसला होता. त्यानं त्यांच्याकडे वर मान करून पाहिलं आणि उठून उभा राहिला.

"या पेंढरकर मॅडम. पोरं कधीची बसलीत."

"हो ना, जरा उशीरच झाला," दमयंतीबाई म्हणाल्या आणि खडू कुठे असतात ते विचारलं.