बिराजदार मास्तर आणि मेलेली पोरं

आमच्या शाळेतले बिराजदार मास्तर पोरांना महायुद्धात मारतात आणि मेलेली पोरं माझ्याकडं पाठवून देतात.

मी शाळेच्या गेटवर वॉचमन. आधी यंत्रमागावर होतो. कान अधू झाले, मग इथं स्टुलावर येऊन बसलो. शिक्षण चौथी, तेही धरून आणलं म्हणून. जगाचा इतिहास मला काय कळणार? पण मास्तरांचा वर्ग गेटसमोर, खिडक्या उघड्या, आणि आवाज असा की मागाच्या खडखडाटातसुद्धा ऐकू यावा.

मास्तर पुस्तक उघडत नाहीत. "वाचून काय होतंय? अंगावर आलं पाहिजे!" हे त्यांचं वाक्य. इंग्लंडात कारखाने आले त्या धड्याला सगळ्या वर्गाला, मान वर न करता, तास संपेपर्यंत दोऱ्याला गाठी मारायला लावल्या. स्वतः टेबलावर पट्टी आपटून मशीनचा आवाज काढत होते. शेवटी विचारलं, "काय वाटलं?" व्यंकटेश म्हणून एक पोरगं आहे, वडील मागावर जातात. ते उठून म्हणालं, "सर, आमच्या घरी हे रोज असतंय. ह्यात इतिहास कुठला?" मास्तर जे खुर्चीत बसले ते घंटा होईपर्यंत उठले नाहीत.

फ्रान्सच्या राजाला लोकांनी गादीवरनं ओढला म्हणे. तो राजा मला केलं, मिशा आहेत म्हणून. माझ्यापुढं केळी, आणि पोरांचे डबे मधल्या सुट्टीत कुलपात. पोरं अशी पिसाळली की पुठ्ठ्याच्या मुकुटाबरोबर माझी टोपीपण गेली. अजून सापडली नाही. मोठ्या बाईंनी मास्तरांना बोलावून विचारलं, हे काय चाललंय? मास्तर म्हणाले, "बाई, आज ह्यांना भूक कळली. सनावळ्या उद्या सांगतो."

पण मास्तरांचा खरा धडा महायुद्धाचा. प्रत्येक पोराला एक माणूस व्हायचं असतं. कुणी शेतकरी, कुणी न्हावी, कुणी पाव भाजणारा. मग डब्यातनं चिठ्ठी उचलायची. काळा ठिपका आला की तो मेला. मेलेल्यानं बाहेर निंबाखाली माझ्याजवळ येऊन बसायचं. आत मास्तर हजेरी घेतात. मेलेल्याचं नाव आलं की कुणी बोलायचं नाही. मास्तर ते नाव पुन्हा पुकारतात, पुन्हा पुकारतात, आणि वर्ग गप्प.

मला हा धडा नवा नाही. माझी बायको शांता जाऊन वर्ष झालं. कुलूप काढून आत शिरताना तोंडातनं अजून "आलो गं" निघतं.

निंबाखाली मात्र मेलेल्यांचा दंगा.

"मामा, शेंगा द्या की."

"मेलेल्यानं शेंगा खायच्या नसत्यात."

"मग काय करायचं असतंय?"

"गप पडून ऱ्हायचं. आमची मंडळी बघ. वर्ष झालं, एक शबूद बोलली न्हाय."

पोरांनी पसरलेले हात मागं घेतले. मग मीच शेंगा काढल्या. काय करता.

तास संपायच्या आत मास्तर बाहेर येतात, एकेकाच्या डोक्यावर हात ठेवतात. "युद्ध संपलं. तू जिवंत. चल आत." मी आल्यापासनं ह्यात कधी खंड नाही. मला वाटायचं, नाटकी माणूस.

मागच्या एका शनिवारी युद्ध ऐन भरात आलेलं आणि गच्चीवरची टाकी फुटली. आमच्या सोलापूरला पाणी येतं चार-पाच दिवसांनी, ते नेमकं त्या दिवशी आलेलं. जिन्यावरनं लोंढा आला, मोठ्या बाईंनी घंटा दिली, शाळा सुटली. माझी मेलेली पोरं सगळ्यांच्या आधी पळाली.

मास्तर पँट गुडघ्यापर्यंत ओली करून गेटवर आले.

"मामा, मेलेली कुठं गेली?"

"घरी."

"जिवंत न होता?"

"सोमवारी करा की जिवंत. कुटं पळून जात्यात?"

मास्तरांनी स्कूटर काढली आणि मला म्हणाले, "बसा."

पहिलं घर व्यंकटेशचं. त्याची आई दारात विड्या वळत होती. मास्तर म्हणाले, "ताई, तुमचा व्यंकटेश जिवंत आहे, एवढंच सांगायला आलो." बाईनं सूप बाजूला ठेवलं. "अगं बया! मग मगाशी गिरणीला दळण घेऊन कोण गेलंय?"

मास्तर गिरणीपर्यंत गेले. पिठानं माखलेल्या त्या डोक्यावर हात ठेवला, मगच निघाले. असं एकेक घर करत पाच पोरं उठवली. राहिली भाग्यश्री. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, मोहोळला गेलेत मामाकडं, बारशाला.

"फोन लावा की," मी म्हणालो.

"फोनवर कुणी जिवंत होत नाही, मामा."

मग मात्र माझं टाळकं फिरलं. म्हणलं, "मास्तर, खूळ लागलंय का तुमाला? खेळ हाय त्यो!"

मास्तर त्या कुलपाच्या दारात पायरीवर बसले. चष्मा काढला. दोन वर्षांमागं, मी इथं नव्हतो तेव्हा, असाच शनिवार होता म्हणाले. बोलण्याच्या नादात तास संपला, एक पोरगं निंबाखालनं तसंच घरी गेलं. मास्तरांना वाटलं, सोमवारी बघू. रविवारी ते आईबापाबरोबर टेम्पोतनं देवाला निघालं होतं. टेम्पो उलटला.

"त्याला सांगायचं राहिलं," मास्तर म्हणाले.

"ते पोरगं तुमच्या चिठ्ठीनं न्हाय मेलं."

"माहीत आहे."

"मग?"

"माहीत असून भागत नाही, मामा."

शांताला आधी दवाखान्यात आणली असती तरी वाचली नसती, असं डॉक्टरनं मलापण सांगितलं होतं. माहीत आहे. रोज उठलं की माहीत असतं.

मोहोळला पोचलो तेव्हा बारसं उरकून पंगत बसली होती. भाग्यश्री ताटावर होती. मास्तरांनी चपला काढल्या, पंगतीतनं वाट काढत गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "युद्ध संपलं. तू जिवंत."

पोरगी तोंडातला घास गिळून म्हणाली, "सर, मी गेटमधनंच जिवंत झाले की! लई भूक लागली होती."

सगळा मांडव हसला. मास्तरपण हसले. पण हात काही काढेनात. शेवटी तीच म्हणाली, "सर, जेवू का?"

परतताना अंधार पडला होता. मास्तर एकटेच राहतात. त्यांचं कोण कुठं असतं हे मी कधी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. हायवेला लागल्यावर त्यांची पाठ हलायला लागली. आधी वाटलं, रस्ता खराब आहे. रस्ता गुळगुळीत होता.

मी मागं बसून काय करणार. वर्षभर माझ्या डोळ्याला पाणी नाही, दुसऱ्याला काय धीर देणार? त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणलं, "मास्तर, हळू चालवा. आपली कुणी वाट बघत न्हाय."